हफिजाचं दुकान आणि पंधरा देशांचा कर

हफिजा करबेलकरचं दुकान महाडमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. त्याला फळी नव्हती, शटर नव्हतं. मोहल्ल्यातल्या भावाच्या घरात, मधल्या खोलीत, खिडकीला लागून एक जुना संगणक होता आणि त्याच्या मागून टेलिफोनची वायर भिंतीत गेली होती. गिऱ्हाईक यायचं ते त्या वायरीतून. ते डेन्मार्कमधलं असायचं, हॉलंडमधलं असायचं, इंग्लंडमधलं असायचं. महाडमधलं एकही नव्हतं.

लग्नाआधी हफिजा मुंबईत कुर्ल्याला मामूच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात पंचिंग शिकली होती. कागदावर काढलेलं फूल भरतकामाच्या मोठ्या यंत्राला समजत नाही. सुई कुठे टोचायची, टाका किती लांब घ्यायचा, दोरा कधी तोडायचा, हे त्याला एकेक टाका करून सांगावं लागतं. ते सांगणारी फाइल बनवायची म्हणजे पंचिंग. तलाक झाल्यावर ती अलीशबाला, आपल्या लहान मुलीला, घेऊन महाडला आली आणि धाकट्या भावाच्या, मुरादच्या घरी राहू लागली. मुराद जहाजावर होता. घरात त्याची बायको अफशा आणि या दोघी मायलेकी.

सुरुवातीला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं काम मिळालं. कामगारांच्या शर्टाच्या खिशावर कंपनीचं बोधचिन्ह भरायचं असे. महाडजवळच्या नाते गावात चांगू खैरकरकडे सेकंडहँड यंत्र होतं. हफिजा फाइल बनवायची, एस्टीने नात्याला जायची, चांगू ती यंत्रात घालून टाके कसे पडतात ते पाहायचा. कारखाने दहा-बारा, चिन्हं एकदा केली की झाली. ते काम आटत चाललं होतं.

२००१ साली तिला कळलं की युरोप-अमेरिकेत बायकांच्या घरात भरतकामाची छोटी यंत्रं असतात आणि त्या इंटरनेटवरून डिझाइनं विकत घेतात. पैसे भरायचे, फाइल आपल्या संगणकात उतरवून घ्यायची, यंत्रात घालायची. पोस्ट नाही, पार्सल नाही. हफिजाने पुस्तकात बघून बघून स्वतःचं पान तयार केलं. गुलाब आणि फुलपाखरं सगळेच विकत होते, म्हणून तिने करवंदाची जाळी काढली, लोंबीवर आलेला भात काढला, खंड्या काढला, टाकळ्याची पानं काढली. डेन्मार्कमधल्या एका शिवण मंडळातल्या बाईने करवंद घेतलं, तिच्या मैत्रिणींनी घेतलं, आणि बोलबाला झाला. कार्डाचे पैसे अमेरिकेतली एक कंपनी गोळा करायची आणि आपला वाटा कापून हफिजाला चेक पाठवायची.

भाऊ कधी काही बोलला नाही, पण भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला न बोललेलंही ऐकू येतं. चेक येऊ लागले तसं हफिजा घरात जरा सैल बसायला लागली. अलीशबाची फी ती भरायची, गॅसची टाकी ती आणवायची. अफशाशी तिचं बरं होतं. दोघी संध्याकाळी एकत्र भाकऱ्या करायच्या आणि मुरादचं जहाज आज कुठल्या समुद्रात असेल याचा अंदाज बांधायच्या.

२००३ च्या एप्रिलमध्ये महाडच्या बाजारात जो तो व्हॅटबद्दल बोलत होता. आपल्याकडे विक्रीकर जाऊन व्हॅट येणार म्हणून व्यापारी बंदची भाषा करत होते. हफिजाने ते भाजी घेता घेता ऐकलं आणि सोडून दिलं. आपला त्यात काय संबंध, असं तिला वाटलं.

मेमध्ये अमेरिकेतल्या त्या कंपनीची ई-मेल आली. हफिजाचं इंग्रजी कामापुरतं होतं. तिने शब्दकोश घेऊन ती मेल दोन-तीनदा वाचली. युरोपातल्या पंधरा देशांनी मिळून नियम केला होता. एक जुलैपासून, युरोपाबाहेरच्या कुणीही तिथल्या घरगुती गिऱ्हाइकाला इंटरनेटवरून उतरवून घेण्याची वस्तू विकली, तर त्या गिऱ्हाइकाच्या देशाचा व्हॅट घ्यायचा आणि तिकडच्या सरकारात भरायचा. डेन्मार्कचा पंचवीस टक्के, हॉलंडचा एकोणीस, इंग्लंडचा साडेसतरा. त्या पंधरापैकी एका देशाकडे नोंदणी करायची आणि दर तीन महिन्यांनी हिशेब द्यायचा. विक्री लहान आहे म्हणून सूट नाही. पहिल्या डिझाइनपासून कर. मेलच्या शेवटी होतं: हे पाळण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, आमची नाही.

हफिजाने लगेच उत्तर लिहिलं. गिऱ्हाईक कुठल्या देशाचं आहे हे तुमच्याकडे कार्डावरून कळतं, ते मला कळवाल का? उत्तर आलं: कार्डाची माहिती आम्ही देऊ शकत नाही.

म्हणजे कर भरायचा म्हटलं तरी कुणाचा किती, हे कळायला वाट नव्हती. तिच्याकडे यायचं ते फक्त नाव आणि ई-मेलचा पत्ता.

तिने हे घरी अफशाला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघी चौकातल्या महिपत साळेकरांकडे गेल्या. साळेकर विक्रीकराचे वकील होते. महाड-पोलादपूरच्या अर्ध्या दुकानांचे कागद त्यांच्या कपाटात होते. माणूस सरळ होता, फक्त गप्प बसणं त्यांना जमत नसे. त्यांनी हफिजाचं म्हणणं ऐकलं, चष्मा काढून पुसला.

"ताई, आमची हद्द फार तर मुंबईच्या कचेरीपर्यंत. हे काय आहे ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. इथे ते थांबले असते तर बरं झालं असतं. "पण कर तो कर. आपलं असो नाहीतर परकं असो, सरकार काही सोडत नाही. नाव लागतं यादीत. मग तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी तिकडे उतरलं, की धरतात."

अफशाने मान वर केली. "घरातलं कुणी म्हणजे?"

"म्हणजे नवरा, भाऊ. तुमचे ते बोटीवर आहेत ना?"

अफशाचा चेहरा उतरला. मुरादच्या जहाजाचा पुढचा फेरा तिला पाठ होता. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात रॉटरडॅम. हॉलंड.

ती भराभर चालत घरी आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "आपा, ते बंद करा."

"अजून जुलैला वेळ आहे. मी विचारते ना कुणालातरी."

"कुणाला विचारणार? वकिलालाच नाय माहिती. आणि विचारता विचारता ते तिकडे उतरले तर? जहाजावर चढायला लागतं ते खलाशाचं पुस्तक काय त्यांच्या बापाचं हाय? एकदा शिक्का बसला तर जन्मभर घरी."

"अफशा, मी आजवर एक पैसा बुडवला नाही कुणाचा. नियमच पुढे लागणार आहे."

"मग पुढे नका विकू."

हफिजाला राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. अफशा चुकत होती असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. तिला स्वतःलाही रात्रंदिवस तेच दिसत होतं: कुठल्याशा गोदीत मुरादला बाजूला घेतलंय आणि कुणीतरी त्याला विचारतंय, हफिजा करबेलकर तुझी कोण?

जून असाच गेला. दोघी बोलायच्या, पण मीठ कुठे आहे आणि दूध आलं का, एवढंच. अफशाने भाकऱ्या आधीच करून ठेवायला सुरुवात केली. अलीशबाने एकदा विचारलं, "मामी रुसली का?" हफिजा म्हणाली, "नाही, तिचं डोकं दुखतं."

इंग्रजी तेवढं वाचता येत होतं म्हणून हफिजाने इंग्लंडच्या कर खात्याचं पान उघडून नोंदणीचा अर्ज वाचायचा प्रयत्न केला. पहिल्याच पानावर ती अडली. हिशेब पौंडात, देशवार, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं राहण्याचं ठिकाण तपासल्याचा पुरावा दहा वर्षं जपून ठेवायचा. तिने अर्ज मिटला. ठरवलं, तीस जूनला दुकान बंद. फक्त युरोपासाठी बंद ठेवायची सोय तिच्या पानावर नव्हती. पान उघडं तर सगळ्या जगाला उघडं. म्हणून सगळंच बंद. अमेरिकेतली तुरळक गिऱ्हाइकं गेली तर जाऊ देत. शेवटचा दिवस का, तर महिनाअखेरीला विक्री जास्त व्हायची आणि पुढचं काहीच दिसत नव्हतं. तिने अफशाला तसं सांगितलं. अफशाने मान हलवली आणि कॅलेंडरकडे बघितलं.

जूनच्या शेवटी महाडला पावसाने झोडपलं. हमरस्त्याच्या कडेला कुणीतरी चर खणत होतं, तिथे टेलिफोनची केबल तुटली. रविवारी दुपारी हफिजाने रिसीव्हर उचलला तर आत आवाज नव्हता. शेजारच्या घरातही नव्हता. बाजारातल्या सायबर कॅफेवाल्याने हात वर केले. "अख्ख्या पेठेच्या लायनी गेल्यात. पाणी ओसरल्याशिवाय माणूस खड्ड्यात उतरत नाय."

सोमवार गेला. ती सकाळी एक्सचेंजला जाऊन आली, दुपारी पुन्हा जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा खिडकीतल्या माणसाने तिच्याकडे बघितलंच नाही. संध्याकाळपर्यंत लाइन आली नाही. दुकान उघडं होतं. हफिजा महाडमध्ये बसली होती आणि तिचं पान कुठल्यातरी दूरच्या संगणकावर हसतमुखाने करवंदं विकत होतं. थांब म्हणायला तिच्याकडे तोंड नव्हतं.

मंगळवारी, एक जुलैला, ती उठली तीच म्हणाली, "मी पोलादपूरला जाते. तिकडचं एक्सचेंज वेगळं आहे."

अफशा डोक्यावर ओढणी घेत होती. "मी पण येते."

"तू कशाला?"

"मला बघायचंय, बंद झालं ते."

अलीशबाला शेजारी सोडून दोघी स्टँडवर आल्या. पोलादपूरची गाडी उशिरा आली आणि मुंगीच्या पावलाने निघाली. सावित्री गढूळ होऊन काठावर चढली होती. पुलाच्या अलीकडे एक ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढू लागला. अफशाने खिडकीची काच वर-खाली केली, वर-खाली केली. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, "भिजतोय ना गो आम्ही, ठेव की लावून." अफशाने काच लावली आणि हात मांडीखाली दाबून बसली.

"आपा," ती हळूच म्हणाली, "तिकडे आता किती वाजले असतील?"

"सकाळ झाली असेल."

"म्हणजे त्यांची एक तारीख सुरू झाली."

"हो."

मग दोघी ट्रककडे बघत राहिल्या.

पोलादपूरच्या स्टँडसमोर अनिल उतेकरचा सायबर कॅफे होता. अनिल जवळच्या कापडे गावचा. मुंबईत कुरिअरच्या कचेरीत काही वर्षं काढून परत आला होता आणि भाड्याच्या गाळ्यात तीन संगणक मांडून बसला होता. दोघी ओल्या छत्र्या घेऊन आत शिरल्या तेव्हा गाळ्यात अंधार होता.

"लाइट नाय ताई," अनिल म्हणाला. "मगाशीच गेली."

"जनरेटर?"

"हाय, पण एका मशीनपुरता. आणि डिझेल..." त्याने दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. "कोण आजारी हाय का?"

"नाही," हफिजा म्हणाली. "माझं दुकान बंद करायचंय."

त्याला काही उमजलं नाही, पण तो मागे गेला आणि दोरी ओढू लागला. जनरेटर दोनदा खोकून गप्प झाला, तिसऱ्यांदा धरला. संगणक सुरू झाला. टेलिफोनच्या लाइनवर मोडेमचा कर्कश सूर निघाला, तुटला, पुन्हा निघाला. अफशा खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

पान वरून खाली इंचाइंचाने उघडत गेलं. हफिजाने पासवर्ड घातला. चुकला. बोटं ओली होती. तिने पदराला हात पुसले, पुन्हा घातला. आधी तिने विक्रीची यादी उघडली. रविवारपासूनच्या विक्रीच्या ओळी होत्या. सगळ्यात वर दोन ओळी आजच्या तारखेच्या होत्या. एक नाव डेन्मार्कच्या शिवण मंडळातलं होतं, ओळखीचं. दुसरं नवं होतं, ई-मेलच्या पत्त्यावरून इंग्लंडमधलं.

"काय झालं?" अफशाने विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. अफशाला इंग्रजी तारीख वाचता येत होती, पण कुठली ओळ कसली ते तिला कळलं नसतं. हफिजा म्हणाली, "आज दोन गेलीत."

अफशाने खुर्चीची पाठ सोडली आणि ती दारात जाऊन उभी राहिली.

हफिजा पानावरची डिझाइनं काढून टाकायला बसली. एकेक डिझाइन, एकेक बटण. करवंदाची जाळी काढली. खंड्या काढला. भात काढला. मध्येच लाइन तुटली, अनिलने पुन्हा जोडून दिली. शेवटी पानावर तिचं नाव आणि एक ओळ उरली: दुकान सध्या बंद आहे. ती स्वतःच लिहिलेली ओळ वाचताना तिला गलबलून आलं, पण ती उठली नाही. त्या दोघी बायकांचे पैसे परत करा, असं तिने अमेरिकेच्या कंपनीला लिहिलं. दोघींनाही लिहिलं की डिझाइन तुमच्याकडेच ठेवा, पैसे परत येतील, कारण असं असं आहे.

मग तिने इंग्लंडच्या कर खात्याचं पान उघडलं. तळाशी चौकशीसाठी ई-मेलचा पत्ता होता.

"अफशा, इकडे ये."

"झालं ना बंद?"

"झालं. पण ती दोन विकली गेली ती गेलीच. मी त्या लोकांना लिहिते. काय झालं ते सगळं सांगते आणि विचारते."

अफशा झटकन आत आली. "नाव लिहिणार तुमचं?"

"नावाशिवाय कोण उत्तर देईल?"

"आपा, त्यांना ठाऊक पण नाय तुम्ही हाव म्हणून! आपणहून कशाला जायचं त्यांच्या दारात? नाव दिलं, पत्ता दिला, करबेलकर लिहिलं, की तोच करबेलकर पुढच्या आठवड्यात जहाजातून उतरणार."

अनिल काउंटरवरच्या पेनाचं टोपण काढत-घालत होता. जनरेटर धडधडत होता.

"नाही लिहिलं तर?" हफिजा म्हणाली. "या आठवड्यात भीती, पुढच्या फेऱ्याला भीती, त्याच्या पुढच्या फेऱ्याला भीती. तू जन्मभर अशीच काच वर-खाली करत बसणार. मला एकदा कळू दे काय आहे ते."

"आणि वाईट कळलं तर?"

"तर मी सांगेन मुरादला, की माझ्यामुळे झालं."

अफशा बाजूच्या स्टुलावर बसली. हफिजाने लिहायला घेतलं. वाक्यं मोडकी होती, व्याकरण कसंही होतं. मी कोण, काय विकते, केबल कशी तुटली, दोन डिझाइनं कशी गेली, पैसे परत केलेत. माझा भाऊ जहाजावर आहे, त्याला यामुळे काही होईल का? आणि शेवटी, पुढे काय करू? गिऱ्हाइकाने मागितलं तसं नवं डिझाइन हाताने काढून मी ई-मेलने पाठवलं, तर त्यालाही हाच कर का? खाली पूर्ण नाव लिहिलं, महाडचा पत्ता लिहिला, आणि पाठवून दिलं.

परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. महाडची लाइन शुक्रवारी आली. हफिजा सकाळी मेल उघडायची, दुपारी उघडायची. डेन्मार्कच्या बाईचं उत्तर आलं होतं, की पैसे परत नकोत, हे फार झालं, आमच्या सरकारला काय म्हणावं. इंग्लंडच्या बाईने चिडून लिहिलं होतं की मला नातीच्या झग्यासाठी उरलेली दोन डिझाइनं हवी होती, आता दुकान बंद करून तुम्ही मला मध्येच सोडलं. कर खात्याकडून काही नव्हतं. अफशा फोन वाजला की हातातलं टाकून धावायची. मुरादने बंदरात उतरल्यावर फोन करायचा, असा रिवाज होता. ज्या दिवशी जहाज लागणार होतं तो दिवस गेला. दुसरा दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी जेवणं चालू असताना फोन वाजला. अफशाने उष्ट्या हातानेच उचलला.

"अहो, कुठे हाव? बरे हाव ना?" मग ती ऐकत राहिली. एकाएकी भिंतीला टेकली. "कोण आलं होतं? कस्टमवाले? तुम्हाला बाजूला घेतलं?"

हफिजा उठून उभी राहिली.

अफशाने रिसीव्हर कानाला इतका घट्ट दाबला होता की तिचं कानातलं गालात रुतलं होतं. "मग? मग काय विचारलं?" पलीकडून मुराद बराच वेळ बोलला. अफशाचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसणं की रडणं ते हफिजाला कळेना. तिने रिसीव्हर हफिजाच्या हातात दिला आणि ती खालीच बसली.

"आपा, हिला काय झालं?" मुराद विचारत होता. "मी म्हटलं, कस्टमवाल्यांनी माझ्या कपाटातून लोणच्याची बरणी काढली आणि वास घेऊन परत ठेवली, तर ही रडायलाच लागली."

हफिजाने त्याला सगळं सांगितलं. फोनचं मीटर तिकडे पळत होतं, तरी तो ऐकत राहिला.

"हे मला आधी कुणी का नाही सांगितलं? इथे कागद बघतात ते माझे. बहीण काय विकते ते कोण विचारतो? आणि तुझं काम बंद झालं ते?"

"ते बंदच आहे."

"मी सुट्टीवर आलो की बघू," तो म्हणाला, आणि लाइन कटली.

आठवड्याभराने कर खात्याचं उत्तर आलं. लिहिणारा कुणी साधा कारकून असावा, पण त्याने तिच्या प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं होतं. पैसे परत केलेल्या विक्रीबद्दल आम्हाला काही मागायचं नाही. तुमच्या भावाचा याच्याशी संबंध नाही, कृपया काळजी करू नका. संगणकावरून आपोआप उतरवून घेतलेल्या तयार फाइलवर कर आहे. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून माणसाने स्वतः केलेलं काम केवळ ई-मेलने पाठवलं म्हणून या नियमात येत नाही. आणि तयार डिझाइनं सीडीवर घालून पोस्टाने पाठवली, तर तो माल ठरतो. ठरावीक किमतीच्या आतलं लहान पार्सल आमच्याकडे कर न लागता येतं.

हफिजाने ते अफशाला मराठीत वाचून दाखवलं. अफशाने 'भावाचा संबंध नाही' ही ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "म्हणजे तेच करवंद वायरीतून गेलं तर कर, आणि पोस्टमनच्या पिशवीतून गेलं तर नाय?"

"असंच दिसतंय."

"शहाणे लोक," अफशा म्हणाली. भाकरीचं पीठ तिने त्या संध्याकाळी पुन्हा दोघींसाठी एकत्र भिजवलं. माफी कुणी कुणाची मागितली नाही.

सोपं मात्र काही झालं नाही. सीडी महाडच्या पोस्टातून डेन्मार्कला पोचायला महिना लागायचा. कधी ती चिरलेली पोचायची. ज्या बाईला आज रात्री उशीवर खंड्या भरायचा होता, ती महिनाभर थांबत नव्हती. शिवण मंडळातल्या निम्म्या बायका तोंडभरून हळहळल्या आणि दुसरीकडून घेऊ लागल्या. हॉलंडमधल्या एका मोठ्या कंपनीने लिहिलं की तुमची डिझाइनं आमच्या पानावर ठेवा, कराचं आम्ही बघू, पण मोठा वाटा आमचा आणि नाव आमचं. हफिजाने बरेच दिवस उत्तर दिलं नाही. दिवाळीच्या सुमाराला, अलीशबाच्या शाळेची सहामाही फी आली तेव्हा, तिने आपली काही जुनी डिझाइनं त्यांना देऊन टाकली. नंतर एकदा तिने त्यांचं पान उघडून पाहिलं. तिची करवंदं तिथे 'जंगली बोरं' म्हणून विकली जात होती. ती पुन्हा ते पान बघायला गेली नाही.

तिने तगवून धरलं ते हातचं काम. त्या चिडलेल्या इंग्लंडच्या बाईला तिने लिहिलं, की नातीच्या झग्यासाठी काय हवं ते सांगा, मी नव्याने काढून देते. बाईने तीन वेळा बदल करायला लावले. फुलं लहान करा, देठ वळवा, रंग कमी करा. हफिजाने केले. त्या बाईच्या ओळखीने आणखी दोघीजणी आल्या. पूर्वी एकदा केलेलं करवंद शंभर जणींना जायचं आणि ती स्वयंपाक करत असायची. आता एकेका बाईसाठी एकेक फूल, सकाळी बसलं की दुपार. तिचे डोळे दुखायचे. नात्याला चांगूकडे फेऱ्या वाढल्या, कारण दर नवीन डिझाइनचे टाके यंत्रावर पडलेले पाहिल्याशिवाय ती पाठवत नसे.

पुढच्या वर्षी मेमध्ये अमेरिकेतल्या कंपनीची पुन्हा एक मेल आली. युरोपात आणखी दहा देश सामील झाले होते. पंधराचे पंचवीस झाले, आणि त्या सगळ्यांना तोच नियम. हफिजाने मेल शेवटपर्यंत वाचली. अफशा मागून डोकावत होती.

"परत काय?"

"दहा देश वाढले."

"आपल्याला काय होतं त्यानं?"

हफिजाने जरा विचार केला. त्या दहांपैकी बऱ्याच देशांची नावं तिने कधी ऐकली नव्हती. तिथल्या कुणा बाईने कधी काही मागितलंही नव्हतं.

"दुकानच बंद, आता मागणारही नाहीत," ती म्हणाली आणि संगणक बंद केला. "चल, साडेदहाची गाडी आहे नात्याला. चांगू थांबला असेल."

अफशाने उन्हासाठी छत्री घेतली.